दोर ओढतो, ढकलत नाही

मंडळी, दोर कोणाच्या घरी नाही? गोठ्यात जनावराला दावे असते. गाडीवानाच्या हाती कासरा असतो. विहिरीवर पोहऱ्याला चऱ्हाट असते. अंगणात कपडे वाळवायची दोरी असते. तान्ह्या बाळाचा पाळणाही दोरीवरच झुलतो. आपला निम्मा संसार दोरीने बांधलेला आहे म्हणा ना!

मग एक साधा प्रश्न विचारतो. चिखलात रुतलेली गाडी दोर बांधून ओढून काढता येते. तीच गाडी दोराने ढकलता येईल का?

तुम्ही हसाल. म्हणाल, "गुरुजी, हे काय विचारणं झालं? दोरानं कधी कोणी ढकलतं का?"

खरे आहे. शाळेच्या मैदानावर रस्सीखेच चालते. दोन्हीकडून पोरे ओढतात. दोर काठीसारखा ताठ होतो. पण दोन्हीकडून ढकलण्याचा खेळ कोणी पाहिला आहे का? ढकलले की दोर ढिला पडेल आणि मातीत लोळेल.

ही गोष्ट आपल्याला इतकी ठाऊक आहे की तिच्यात शिकण्यासारखे काही असेल असे वाटतच नाही. पण याच गोष्टीवर मोठमोठे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे डोके चालवीत आहेत. त्यांनी पोलादाला मागे टाकणारे धागे बनविले. पण तेही ओढण्यातच शूर निघाले. दाबले की मान टाकतात. असे का होते? आणि त्याचा आपल्या विहिरीशी, आपल्या घराशी, पोलिसात गेलेल्या आपल्या पोराशी काय संबंध? ते आज पाहू.

ओढ आणि दाब

कोणत्याही वस्तूवर जोर मुख्यतः दोन तऱ्हांनी येतो. एक ओढ आणि दुसरा दाब.

ओढ लागली की वस्तू लांब होऊ पाहते. दाब आला की ती आखूड होऊ पाहते. पोहरा भरून वर येतो तेव्हा चऱ्हाटाला ओढ लागते. घराच्या खांबावर माळवदाचा भार असतो. तो दाब.

आपल्या बाजेकडेच बघा. तुम्ही तिच्यावर बसता. तेव्हा विणलेल्या सुतळीला ओढ लागते आणि बाजेच्या पायांवर दाब येतो. सुतळीचे पाय करून बाज उभी राहील का? नाही. ज्याचे काम त्याने करावे. बाज विणणाऱ्याला हे कोणी शाळेत शिकविले नाही. हाताला कळले, तेच खरे.

आता दगडाचे पाहू. छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळ सुमारे ३० किलोमीटर आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात तिथे कैलास लेणे कोरले गेले. तिथल्या लेण्यांतले दगडी खांब हजार-बाराशे वर्षे डोंगराचा भार डोक्यावर घेऊन उभे आहेत. दगड दाबाला असा खंबीर.

पण तोच दगड ओढीला कच्चा. त्याची ओढ सोसण्याची ताकद दाबाच्या ताकदीच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून लांबलचक दगडी तुळई दोन टोकांवर ठेवली तर ती मधे खालच्या बाजूने तडकते. खालची बाजू ताणली जाते ना! लेणी कोरणाऱ्या कारागिरांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी खांब जाडजूड ठेवले आणि जवळजवळ ठेवले.

म्हणजे दगड दाबाला बळकट, ओढीला कच्चा. दोर त्याच्या अगदी उलट. ओढीला बळकट, दाबाला कच्चा.

धाग्याच्या आत काय असते?

दोर पेडांचा असतो. पेड धाग्यांचा असतो. मग धागा कशाचा?

प्रत्येक पदार्थ फार बारीक कणांचा बनलेला असतो. त्या कणाला रेणू म्हणतात. डोळ्याला तो दिसत नाही. पाण्याचा रेणू अगदी लहान असतो. पण कापूस, अंबाडी, रेशीम, नायलॉन यांचे रेणू तसे नसतात. ते लांब असतात. बैलगाडीच्या साखळीत कडीला कडी जोडलेली असते ना, तसे. एका रेणूत अशा शेकडो, हजारो कड्या. अशा लांब साखळीच्या पदार्थाला पॉलिमर म्हणतात.

आता कडब्याची पेंढी डोळ्यांपुढे आणा. धाटे एकाशेजारी एक, सगळी एका दिशेने. चांगल्या धाग्यात या साखळ्या तशाच असतात. एकीशेजारी एक, धाग्याच्या लांबीला धरून.

साखळीतली कडी शेजारच्या कडीला फार घट्ट धरून असते. ती सुटता सुटत नाही. पण एक साखळी शेजारच्या साखळीला मात्र सैलच धरते. जणू एका भावकीतली माणसे, पण घरे वेगळी!

धागा ओढला तर काय होईल? सगळ्या साखळ्या ताठ होतील. सगळ्या मिळून भार वाटून घेतील. त्यांच्या कड्या घट्ट आहेत. म्हणून धागा टिकेल.

धागा दाबला तर? आता पेंढी उभी करा. तिचे बंध जरा सैल करा. वरून तळहाताने दाबा. धाटे कडेला फाकतील. एकेक धाट मधेच वाकेल. ओढीच्या वेळी ती एकजूट होती. दाबाच्या वेळी ज्याने त्याने आपली वाट धरली. आता तीच पेंढी चार जागी आवळून बांधा आणि पुन्हा दाबा. या वेळी ती जास्त भार घेईल. पेंढीतली धाटे तीच आहेत. वाढली ती फक्त आडवी बांधणी.

सगळे मर्म इथे आहे. ओढीची ताकद लांबीच्या साखळीत असते. दाबाची ताकद आडव्या बांधणीवर ठरते. आणि धाग्याची आडवी बांधणी कच्ची असते.

आपल्याकडे म्हण आहे, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हा पीळ आपण उगाच घालीत नाही. दोर ओढला की पीळ आवळतो. धागे एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून वीतभर लांबीच्या तंतूंचा शंभर हात दोर होतो. पण दोर ढकलला की पीळ उलगडतो. पेड एकमेकांपासून सुटतात. पीळसुद्धा ओढीचाच सोबती आहे.

माणसाने केलेले धागे

पूर्वी धागे फक्त झाडापासून आणि प्राण्यांपासून मिळत. अंबाडी, ताग, घायपात, काथ्या, कापूस, लोकर, रेशीम. आपल्या पैठणची पैठणी रेशमाची. आपल्या शहरातला हिमरू रेशीम आणि सुताचा. विणकर मागावर जे उभे धागे ताणून बसवितो त्यांना ताणा म्हणतात. नावातच ताण आहे! विणकरालाही ठाऊक, धाग्याचे बळ ताणात.

१९३५ साली अमेरिकेत वॉलेस कॅरोथर्स या रसायनशास्त्रज्ञाने नायलॉन शोधून काढले. तो ड्यूपॉन्ट नावाच्या कंपनीत काम करीत होता. आज बाजारात जे रंगीत दोर मिळतात, त्यांना आपण सरसकट नायलॉनचे दोर म्हणतो. त्यांतले पुष्कळसे नायलॉनचे नसून दुसऱ्या प्लास्टिकचे असतात. पण जात तीच. माणसाने केलेला पॉलिमर. आपल्या महाराष्ट्रातही असे दोर तयार होतात. १९७६ साली स्थापन झालेली गरवारे यांची कंपनी पुणे आणि वाई येथे दोर आणि मासेमारीची जाळी बनविते.

याच्या पुढची पायरी १९६५ साली गाठली गेली. त्याच ड्यूपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाई काम करीत होत्या. मोटारीच्या टायरसाठी हलका पण बळकट धागा हवा होता. तो त्या शोधीत होत्या. एके दिवशी त्यांच्या हाती एक पातळ, गढूळ द्राव आला. दिसायला ताकासारखा. असला द्राव इतर कोणी ओतून दिला असता. धागा काढण्याच्या यंत्रावरचा माणूससुद्धा आधी नाहीच म्हणाला. यंत्राची बारीक छिद्रे बुजतील असे त्याला वाटले. पण बाईंनी हट्ट धरला. शेवटी धागा काढला, आणि तो तोडता तुटेना!

त्या गढूळपणातच गुण होता. त्या द्रावातले रेणू काडीसारखे ताठ होते. पेटीतल्या काड्यांसारखे ते आपोआप एका दिशेने लागले होते. त्यामुळे धाग्यात सगळ्या साखळ्या सरळ रांगेत बसल्या. या धाग्याचे नाव केवलार.

केवलारचा एकेक धागा केसाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका बारीक असतो. असे धागे एकत्र करून एक चौरस मिलिमीटर जाडी केली, म्हणजे जेमतेम मोहरीच्या दाण्याएवढी, तर ती सुमारे ३०० किलो वजन लोंबते धरू शकते. म्हणजे तीन क्विंटल! तीन मोठी पोती धान्य एका सुतळीहून बारीक दोरीला! वजनास वजन धरले तर हा धागा पोलादाच्या पाचपट बळकट ठरतो.

आणि दाबाला? तेवढ्याच जाडीला दाबाची ताकद सुमारे ४० किलो. तीनशेचे चाळीस झाले! सातवा-आठवा हिस्सा. रांगेत बसलेल्या त्याच सरळ साखळ्या दाबाच्या वेळी एकमेकींना सावरू शकत नाहीत.

दाब मोजायचा कसा?

तुम्ही विचाराल, "केसाहून बारीक धागा दाबायचा कसा? तो तर नुसता फुंकर मारली तरी उडेल." बरोबर आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी युक्त्या काढल्या.

पहिली युक्ती फाशाची. धाग्याचा सैल फास करतात. मग तो हळूहळू आवळतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहतात. कोणतीही वस्तू वाकली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली बाजू दाबली जाते. ज्वारीचे हिरवे धाट हलकेच वाकवून पाहा. बाहेरची साल शाबूत राहते, पण आतल्या बाजूला आधी सुरकुती पडते. केवलारच्या फासातही तसेच दिसते. आतल्या बाजूला तिरप्या बारीक रेघा उमटतात.

या रेघा म्हणजे काय? तिथे हजारो साखळ्या एकदम, एकाच ठिकाणी, एकाच बाजूला मोडून वळलेल्या असतात. करंजीच्या काठाला घालतात तशी मुरड. आपण तिला मुरडच म्हणू.

दुसरी युक्ती पट्टीची. पारदर्शक पट्टीच्या एका बाजूला धागा चिकटवितात. मग पट्टी अशी वाकवितात की धागा आतल्या बाजूला येईल. धाग्याची लांबी शंभरात अर्ध्या भागाने घटली, म्हणजे १०० मिलिमीटरचा धागा अर्धा मिलिमीटर आखूड झाला, की केवलारला मुरड पडू लागते. इतका थोडा दाब त्याला पुरतो!

तिसरी युक्ती चटक्याची. रबर ताणून एकदम सोडले की ते मागे येऊन बोटाला चटका देते. तसा धागा ताणतात आणि मधेच कापतात. कापलेली टोके झटकन मागे जातात. मागे जाताना धाग्यावर क्षणभर दाब येतो. ताण थोडा असेल तर धाग्याला काही होत नाही. ताण वाढवीत नेला की एका वेळी मुरडा दिसू लागतात. त्यावरून दाबाची ताकद किती ते कळते.

घडी आणि अंगरखा

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगतो.

केवलारसारख्या धाग्यांचे कापड अनेक पदरी करून गोळीपासून वाचविणारे अंगरखे करतात. पोलीस आणि सैनिक ते घालतात. गोळी आली की कापडाचे धागे जाळ्यासारखे ताणले जातात आणि गोळीचा जोर आसपास पसरवितात. हे काम ओढीचे आहे. म्हणून धागा इथे शोभतो.

पण अंगरखा दिवसभर अंगावर असतो. माणूस बसतो, वाकतो, गाडीत चढतो. पोटापाशी रोज त्याच जागी घडी पडते. घडीच्या आतल्या बाजूला धागे दाबले जातात. मुरडा पडतात. एक मुरड पडली म्हणून केवलारचा धागा लगेच तुटत नाही. ओढीची बरीच ताकद त्यात शिल्लक राहते. पण त्याच जागी पुन्हा पुन्हा घडी पडत गेली तर धागा हळूहळू कमजोर होतो. तार एकाच जागी उलटसुलट वाकविली की तुटते, हे आपण जाणतोच.

जपानच्या एका कंपनीने झायलॉन नावाचा धागा काढला. तो ओढीला केवलारहूनही बळकट. जवळजवळ दुप्पट म्हणा. पण दाबाला केवलारहूनही नाजूक. अमेरिकेत त्याचे अंगरखे केले गेले. २००३ साली पेनसिल्व्हेनिया राज्यात एका पोलिसाला अंगरखा असूनही गोळी आरपार लागली. मग तपास झाला. ओलाव्याने हा धागा आतून कमजोर होतो असे आढळले. घडी पडून पडूनही त्याची ताकद घटते असे प्रयोगांत दिसले. २००५ साली अमेरिकेच्या सरकारी संस्थेने झायलॉनच्या अंगरख्यांची मान्यता थांबविली.

यातून काय शिकायचे? नव्या धाग्याची ओढीची ताकद मोजून झाली होती. ती फार मोठी होती. पण माणसाच्या अंगावर धागा नुसता ओढला जात नाही. तो वाकतो, दबतो, घामाने भिजतो. ताकद किती, एवढे विचारून भागत नाही. ताकद कोणत्या कामाची आणि किती दिवसांची, हेही विचारावे लागते.

आपल्या गावची पोरे आज पोलिसात आहेत, लष्करात आहेत. असा अंगरखा घडी घालून ट्रंकेत कोंबायचा नसतो. खुंटीला नुसता लोंबतही ठेवायचा नसतो. तो सपाट, सावलीत, कोरड्या जागी ठेवायचा असतो. पोरगा सुट्टीवर आला की त्याला एवढे जरूर सांगा.

दोराला संगत हवी

धागा दाबाला कच्चा आहे म्हणून तो टाकून द्यायचा का? मुळीच नाही. त्याला योग्य संगत द्यायची.

घरावरच्या स्लॅबकडे पाहा. काँक्रीट म्हणजे एक प्रकारचा दगडच. दाबाला खंबीर, ओढीला कच्चे. म्हणून त्यात लोखंडी सळया घालतात. ओढ सळयांनी घ्यायची आणि दाब काँक्रीटने. खोलीवरच्या स्लॅबला मधे खालच्या बाजूने ओढ लागते. म्हणून तिथे सळया खाली असतात. पण भिंतीतून बाहेर काढलेल्या छज्जाचे उलट असते. तो पुढे झुकू पाहतो. त्याची वरची बाजू ताणली जाते. म्हणून छज्जात मुख्य सळया वरच्या बाजूला हव्यात. मजुरांच्या पायाखाली त्या खाली दबल्या तर छज्जा वरून तडकतो आणि एखादे दिवशी खाली येतो. घर बांधताना काँक्रीट ओतण्याआधी गवंड्याला हे विचारायला लाजू नका. घर तुमचे आहे.

धाग्याचेही तसेच. धागे चिकट राळेत बुडवून घट्ट केले की पेंढी जागोजागी आवळल्यासारखी होते. एकेक धागा सहजी वाकत नाही. तरी धाग्याच्या आतली बांधणी कच्चीच राहते. म्हणून जिथे दाब जास्त, तिथे केवलारऐवजी कार्बनचे धागे घालतात. कार्बनच्या धाग्यात साखळ्या बाजूनेही एकमेकींशी चांगल्या जोडलेल्या असतात. त्यामुळे त्याची दाबाची ताकद कितीतरी जास्त असते. विमानाचे भाग त्याचे करतात ते त्यामुळेच.

मुंबईत ट्रॉम्बे येथे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी 'भाभा कवच' नावाचे गोळीरोधक कवच तयार केले. त्यात बोरॉन कार्बाइड या फार कठीण पदार्थाचा उपयोग केला आहे आणि त्याच्या जोडीला पॉलिमर आहे. अशा कवचात बंदुकीची गोळी आधी कठीण पाटीवर आपटते आणि फुटते. ते दाबाचे काम. मग उरलेले तुकडे मागचे धाग्यांचे थर झेलतात. ते ओढीचे काम. म्हणजे दगड आणि दोर, दोघेही एका कामाला जुंपले. जोडीचे बैल सारखे नसले तरी चालते, पण प्रत्येकाला आपली बाजू मिळाली पाहिजे.

आपल्या विहिरीवर

आता आपल्या शिवारात येऊ. मराठवाड्यात विहिरी खोल. उन्हाळ्यात गाळ काढायला, खोदकामाला माणसे दोराने आत उतरतात. त्या वेळी त्या घरचा सगळा संसार एका दोरावर लोंबत असतो. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

दोर सरळ असतो तेव्हा त्याच्यात सर्वांत जास्त ताकद असते. तो जिथे वाकतो तिथे बाहेरचे धागे ताणले जातात आणि आतले दबतात किंवा सैल पडतात. दहा जणांचे ओझे चार-पाच जणांवर येते. म्हणून दोर बहुतेक वेळा मधे तुटत नाही. गाठीशी तुटतो, कडेवर तुटतो, चाकावर तुटतो.

गाठ मारली की दोराची ताकद सुमारे निम्मी उरते असे धरून चाला. केवलारसारख्या ताठ धाग्यांच्या दोरात तर गाठीने त्याहूनही जास्त नुकसान होते. टोकाला फासा हवा असेल तर पेड उकलून ते पुन्हा दोरातच विणून घ्या. असा विणलेला फासा गाठीपेक्षा पुष्कळ बळकट असतो.

रहाटाचे चाक लहान असू नये. चाकाचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान ८ पट असावा. दोर २ सेंटिमीटर जाड असेल तर चाक १६ सेंटिमीटरपेक्षा लहान नको. मोठ्या चाकावर दोर हळू वळतो. लहान चाकावर तो मोडून वळतो.

विहिरीच्या दगडी कडेवर दोर घासत असेल तर खाली गोणपाटाची जाड घडी ठेवा. एकाच जागी रोज वाक पडू देऊ नका. अधूनमधून दोराचे टोक बदला, म्हणजे वाकाची जागाही बदलेल.

प्लास्टिकचा दोर कुजत नाही, पण उन्हाने खराब होतो. वर्षभर उन्हात पडलेला दोर रंग उडून खरखरीत होतो. त्याचा भुसा हाताला लागतो. असा दोर बाहेरून जाड दिसला तरी आतून गेलेला असतो. दोर सावलीत, सैल वेटोळे करून ठेवा.

माणूस उतरविण्याआधी दोर हातातून सगळा फिरवून पाहा. मधे मधे पेड उकलून आत पाहा. कुठे चपटा झाला आहे का? कुठे कडक मुरड बसली आहे का? आत भुसा आहे का? असेल तर तो दोर जनावराच्या दाव्याला ठेवा. माणसासाठी नको. माणसाचा दोर वेगळाच ठेवा आणि त्याने दुसरे कोणतेच ओझे ओढू नका. शिवाय माणसाच्या अंगाला दुसरा दोर बांधा आणि तो दुसऱ्या जागी पक्का करा. एक दगा देईल तर दुसरा धरील. दोर स्वस्त आहे. माणूस स्वस्त नाही.

मंडळी, माणसांचेही असेच आहे. कोणी ओझे ओढण्यात तरबेज, तर कोणी भार सोसण्यात. एकाला दुसऱ्याचे काम दिले की दोघांचेही हसे होते. घरात आणि गावात ज्याचे बळ ज्यात, ते काम त्याला द्यावे. दोराला ओढू द्या, दगडाला पेलू द्या. दोघे मिळून घर उभे राहते.

वाचून झाल्यावर आपसात बोला

१. बाजेच्या कोणत्या भागावर ओढ येते? कोणत्या भागावर दाब?
२. कडब्याची पेंढी सैल बांधून आणि घट्ट बांधून दाबून पाहा. काय फरक दिसला?
३. तुमच्या विहिरीवरचे चाक दोराच्या जाडीच्या किती पट आहे? मोजून लिहा.
४. तुमच्या घरच्या दोराला किती गाठी आहेत? त्यांपैकी कोणत्या काढता येतील?